डोळसचा एकुलता एक अंगठा

दैनेस आजी गेली त्या वेळी तिचा मुलगा वायसन माक्विंजा पडवीत बसून जिल्ह्याच्या रस्त्यावर प्रतिक्रिया लिहीत होता. रस्त्याची बातमी फोनवर ‘शिरे वार्ता’च्या पानावर नुकतीच पडली होती, आणि ताज्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया आपली असावी हा वायसनचा रोजचा नेम. काही माणसं उठल्यावर तोंड धुतात, काही गुडघे टेकून प्रार्थना करतात. वायसन आधी कुणाचे तरी वाभाडे काढी आणि मग चहा घेई.

“अहो, चिसोमोचे बाबा,” त्याची बायको एनेलेसी दारात येऊन म्हणाली, “आई गेल्या.”

“कुठं गेली?” मान वर न करता वायसननं विचारलं.

गेलं वर्षभर म्हातारी खाटेवरून उठली नव्हती.  दाराच्या चौकटीला धरून एनेलेसी तशीच उभी राहिली.

“थांब जरा, एवढं वाक्य...” वायसन म्हणाला. बोट तोवर बटणावर पोचलं होतं. प्रतिक्रिया गेली. मग बायको काय म्हणाली ते त्याच्या कानातून आत उतरलं, आणि तो असा उठला की खुर्ची उलथून अंगणात पडली.

वायसन तसा वाईट माणूस नव्हता. सगळी हयात त्यानं पोस्टात काढली, दुसऱ्यांची पत्रं दुसऱ्यांना वाटली. निवृत्त होऊन आईच्या गावी, म्पुंग्याला, घर बांधून राहिला, तेव्हा आपणही कुणाला काही लिहावं असं त्याला वाटू लागलं. ‘शिरे वार्ता’वर त्यानं दोन नावं घेतली. एक खरं. कुणी मेल्याची बातमी आली की खऱ्या नावानं तो लिही, ‘देव शांती देवो’, आणि मयताला गेल्याचं समाधान मानी. प्रत्यक्ष मयताला आई जाई, आणि आईचे पाय गेल्यावर बायको. दुसरं नाव होतं ‘डोळस’. डोळसला जे दिसे ते भल्याभल्यांना दिसत नसे. गावप्रमुख नामलोम्बाबाई, देवळातले पाद्री चित्सुलो, कबर खणणारी मंडळी, कुणीही डोळसच्या नजरेतून सुटत नसे. खऱ्या नावानं गोड, टोपणनावानं कडू, असा त्याचा हिशेब चोख होता.

डोळसच्या प्रतिक्रियांना लोक शिव्या देत. खाली बोट दाखवणारे अंगठे ढिगानं पडत. पण वर बोट दाखवणारा एक अंगठा मात्र हटकून येई. प्रत्येक प्रतिक्रियेला एकच, चहा निवायच्या आत. दुसरा कधी आला नाही आणि पहिला कधी चुकला नाही. कुणाचा ते ‘शिरे वार्ता’ सांगत नसे. वायसननं मनाशी ठरवून टाकलं होतं की हा कुणी तरी झोम्ब्याच्या विद्यापीठातला प्राध्यापक असणार, नाही तर ब्लँटायर शहरातला एखादा न्यायाधीश. एवढ्या मोठ्या देशात आपल्याला ओळखणारा एक तरी जाणता आहे, या विचारावर त्याची सकाळ गोड होई.

देवळाची घंटा वाजली. बायका आल्या, दैनेस आजीला आंघोळ घालून, पांढऱ्या कापडात गुंडाळून, चटईवर ठेवून भोवती गात बसल्या. पुरुष अंगणात ओंडक्यांवर बसले. ऑक्टोबरचं ऊन असं की मयत दुसऱ्या दिवसावर ढकलायची सोय नव्हती. सूर्य मावळायच्या आत माती द्यायची, असं प्रमुखबाईंनी ठरवलं. ठरवायचं ते त्यांनीच.

मग नातवंडं आली. कबर खणणाऱ्यांना गावात नातवंडं म्हणतात. त्यांचा म्होरक्या लामेक स्वतः आजोबा झाला होता, तरी मयताच्या घरी तो नातूच. नातवांना मयताच्या घरी सगळं माफ असतं. थट्टा करावी, कोंबडी मागावी, हट्ट धरावा, रुसावं. आणि रुसले तर दुसरं कुणी कुदळीला हात लावत नाही.

“काय गं आजी,” लामेक चटईशी वाकून वेतानं मयताची लांबी मोजत म्हणाला, “मला न सांगता निघालीस? लग्न माझ्याशी करणार होतीस ना?” बायका रडता रडता हसल्या. “वायसनमामा, कोंबडी चांगली धष्टपुष्ट पाहिजे हां. म्हातारी कोंबडी दिलीस तर आजीला वाकडं झोपवीन.”

“देतो, देतो,” वायसन म्हणाला. नातवंडं कुदळी घेऊन स्मशानाच्या राईकडे गेली.

इथपर्यंत सगळं रीतीनं चाललं होतं. वायसननं अंगणात ओंडक्यावर बसायचं, येणाऱ्याच्या हातात हात द्यायचा, एवढंच काम उरलं होतं. पण आईची बातमी ‘शिरे वार्ता’वर आलीच पाहिजे असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मजकूर लिहिला, फोटो जोडला आणि पाठवला. मजकूर चांगला होता. फक्त शेवटी त्यानं घातलं, ‘शहाण्णव वर्षांच्या आयुष्यात गेलं वर्ष सोडता ती एक दिवस आजारी पडली नाही.’ बातमी छापणाऱ्यानं जागा वाचवायला ‘गेलं वर्ष सोडता’ तेवढं गाळलं.

बातमी लागली आणि वाचक जमले. पहिल्यानं लिहिलं, ‘देव शांती देवो.’ दुसऱ्यानं तेच लिहिलं. तिसऱ्या बाईनं विचारलं की फोटोतली चादर कुठल्या बाजारातली. चौथ्याला कालच्या सामन्यात गोल कुणी मारला ते हवं होतं. पाचवा एक पाला विकत होता, त्यानं पाठदुखी आणि सवत दोन्ही जातात म्हणे. आणि मग ‘लांबनजर’ नावाच्या कुणा परक्यानं लिहिलं, ‘शहाण्णव वर्षं आणि एक दिवस आजारी नाही? मग त्या घरचं आजारपण शेजारी कोण भोगत होतं?’

आमच्याकडे म्हातारीला चेटकीण ठरवायला एवढं वाक्य पुरतं. एवढ्यावर म्हाताऱ्यांची घरं पेटलेली आहेत, आणि आत म्हाताऱ्या असताना पेटलेली आहेत.

वायसनचं डोकं सणकलं. बायकोनं खिडकीतून हाक मारली, “अहो, माणसांत बसा ना. ते ठेवा खाली.”

“हे बघ काय लिहिलंय आईवर!”

“कुणी लिहिलंय? त्याला आपण ओळखतो का?”

“नाही.”

“तो आईंना ओळखत होता?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’चं उत्तर वायसननं बायकोऐवजी लांबनजरला दिलं. ‘माझ्या आईनं या म्पुंगा गावातल्या प्रत्येक मयताला आंघोळ घातली आहे. तुझ्यासारख्या बिनबापाच्या माणसाला माणुसकी काय कळणार? माझ्या आईचं नाव घ्यायचीही तुझी लायकी नाही.’ लांबनजर उलटून बोलला. वायसननं त्याला झाडलं. मध्ये आणखी चार जण पडले, त्यांनाही झाडलं. जितकी उत्तरं वाढली तितकी बातमी वर चढत गेली, आणि दुपारच्या आत दैनेस आजी ‘आज सर्वाधिक चर्चेत’ या पाटीखाली सगळ्यात वर जाऊन बसली. जन्मात ती इतक्या वर कधी बसली नव्हती.

घाम पुसताना वायसनला एक गोष्ट जाणवली. सकाळच्या रस्त्याच्या प्रतिक्रियेला अजून तो अंगठा आला नव्हता. चमत्कारिक आहे, असं त्याला वाटलं. आणि त्या विचारासरशी त्याची नजर आपल्याच उत्तरांवर गेली.

‘माझ्या आईनं’ असं लिहिलेल्या प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर नाव होतं डोळस.

सकाळी रस्त्यावर लिहिताना तो डोळस होता. नंतर नाव बदलायचं राहून गेलं होतं.

त्यानं घाईघाईनं एक उत्तर पुसलं, दुसरं पुसलं, आणि मग मान वर केली.  ओंडक्यांवरचे सगळे पुरुष खाली माना घालून बसले होते. आता मयताच्या घरी माना खाली असतातच. पण प्रत्येकाच्या मांडीवर फोन होता, आणि प्रत्येकाचा अंगठा खालून वर, खालून वर चालला होता. डोळसच्या नावावर बोट ठेवलं की त्याचं जुनं सगळं लिखाण एकाखाली एक येत होतं. आत बायकांच्या गाण्यातले एकेक आवाज कमी होत गेले, आणि शेवटी एकट्या एनेलेसीचा उरला.

तेवढ्यात राईकडून लामेक आला. खांद्यावरच्या कुदळीला ओली लाल माती होती.

“झालं का रे?” वायसननं विचारलं.

“गुडघ्याएवढं झालंय.” लामेकनं कुदळ खाली ठेवली आणि खिशातून फोन काढला. “मामा, माझे डोळे अधू. हे जरा वाचून दे. ‘आजची नातवंडं कबर खणायला येत नाहीत, यजमानाची कोंबडी पुरायला येतात, आणि तीही आपल्या पोटात.’ कोण बाबा हा डोळस?”

“कुणी तरी माझं खातं चोरलंय,” वायसन म्हणाला.

“आणि आईपण चोरली का तुझी? ‘माझी आई, माझी आई’ करून रडतोय तो चोर.”

 नामलोम्बाबाई ओंडक्यावरून उठल्या. त्या उठल्या की सगळ्यांना उठावं लागे. “वायसन,” त्या म्हणाल्या, “माझ्या बकऱ्यांवर तू लिहिलंस?”

“प्रमुखबाई, ते... व्यापक अर्थानं होतं.”

“पाद्रीबाबांच्या छपरावर?”

“तेही.”

पाद्री चित्सुलोंनी डोळे मिटून घेतले. ते क्षमा करत होते की छपराचं आठवत होते, ते कळायला मार्ग नव्हता.

“त्या लांबनजरचं मी मनावर घेतलं,” वायसन कळवळून म्हणाला. “आईला चेटकीण म्हणत होता तो. लोकांना खरं वाटलं असतं तर?”

“कुणाला?” लामेक म्हणाला. “माझी आई मेली तेव्हा तिला आंघोळ दैनेस आजीनं घातली. इथं बसलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी तिच्या हातून गेलंय. त्या बावळटाकडे कुणी ढुंकून बघितलं नसतं. तू उत्तर देऊन देऊन त्याला पाटावर बसवलंस.”

ऊन कललं होतं. आतून एनेलेसी बाहेर आली, कमरेचं कापड घट्ट करत. “लामेकभाऊ,” ती हळू आवाजात म्हणाली, “यांना काय शिक्षा करायची ती उद्या करा. आईंना ठेवता येणार नाही. तुम्हाला माहीत आहे.”

ते सगळ्यांनाच माहीत होतं. आतल्या उदबत्त्या आता पुऱ्या पडत नव्हत्या. वायसनला ते प्रथमच जाणवलं, आणि पोस्टमास्तरकीचा सगळा ताठा त्याच्या पाठीतून निघून गेला.

“कोंबड्या घे, बकरा घे,” तो लामेकला म्हणाला. “हात जोडतो.”

“कोंबडी नको. पोटात पुरतो ना आम्ही.” लामेकनं कुदळ उचलली. “असं कर. राईत चल. जे लिहिलंस ते तोंडानं बोल. ज्याच्यावर लिहिलंस त्याच्यासमोर उभा राहून. तू जेवढं बोलशील तेवढं आम्ही खणू.”

वायसननं प्रमुखबाईंकडे पाहिलं. त्या चालायलाही लागल्या होत्या.

राईत सावली होती, पण थंडावा नव्हता. गुडघ्याएवढ्या खड्ड्यात चार नातवंडं कुदळींवर हनुवट्या टेकून उभी होती. काठावर वायसन फोन धरून उभा राहिला. समोर प्रमुखबाई, पाद्रीबाबा, आणि पाठीमागे गाव.

“थोडा फेरफार करून वाचतो,” तो म्हणाला.

“जसंच्या तसं,” खड्ड्यातून आवाज आला.

“‘सरकारी खत कुठं गेलं ते पाहायचं असेल तर... तर प्रमुखबाईंच्या बकऱ्यांच्या मागं उभे राहा.’”

कुदळी चार-सहा वेळा पडल्या आणि थांबल्या.

“हे वाचून मी महिनाभर बकऱ्या चरायला न सोडता दारात बांधल्या,” नामलोम्बाबाई म्हणाल्या. “मला वाटायचं पाद्रीबाबांनी लिहिलंय.”

“मला वाटायचं तुम्हीच लिहिलंय,” पाद्री म्हणाले, “लोकांनी तुमची कीव करावी म्हणून.”

“म्हणून तुम्ही माझ्या अंगणातली प्रार्थना बंद केली?”

“म्हणून तुम्ही छपराची वर्गणी बंद केली?”

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. मग दोघांनी एकदम वायसनकडे पाहिलं.

“पुढचं,” लामेक म्हणाला.

“‘देवळाचं छप्पर गळतं आणि पाद्रीबाबांचं गळत नाही, यावरून देव कुठं राहतो ते ओळखा.’”

“हे चांगलं लिहिलंय,” कुणी तरी मागून पुटपुटलं. प्रमुखबाईंनी मागं वळून पाहताच ते चांगलं राहिलं नाही. कुदळी पडल्या. वायसन वाचत गेला. मक्याच्या गिरणीवर, शाळेच्या मास्तरांवर, नळावर भांडणाऱ्या बायकांवर. पडवीत बसून लिहिताना या वाक्यांना धार होती. माणसांच्या तोंडावर म्हणताना ती सगळी ओली आणि जड झाली होती, आणि आवाज इतका खाली गेला होता की नातवंडं “मोठ्यानं!” म्हणून ओरडत होती. खड्डा कमरेपर्यंत आला.

“आता आमचं वाच,” लामेक म्हणाला. “कोंबडीचं.”

वायसननं वाचलं. या खेपेला एकही कुदळ पडली नाही.

“हे आलं तेव्हा,” लामेक म्हणाला, “मला वाटलं माझ्या भावानं लिहिलंय. जोस्तेननं. आदल्याच मयताला कोंबडीच्या मांडीवरून आमची जुंपली होती. मी बोलणं टाकलं. दोन पावसाळे. तो समोरून आला की मी शेतात उतरायचो. मग तो ताप येऊन मेला.” त्यानं कुदळीच्या पात्यावरची माती अंगठ्यानं काढली. “ती तिकडची कबर त्याची. मीच खणली. बोललो नव्हतो. तू काय लिहिलंस त्या दिवशी, मामा? खऱ्या नावानं?”

वायसनला आठवत होतं. ‘देव शांती देवो.’ 

त्यानं फोन मातीच्या ढिगाऱ्यावर ठेवला, चपला काढल्या, आणि खड्ड्यात उतरून एका नातवाच्या हातातली कुदळ घेतली. नातवंडं खड्ड्यातून वर चढली. पोस्टात शिक्के मारलेले हात. पहिला घाव त्याच्या स्वतःच्या नडगीजवळून गेला. दुसरा लागला. माती वर फेकताना अर्धी त्याच्याच डोक्यावर पडत होती. ढिगाऱ्यावर फोन थरथरला.

एका नातवानं वाकून पाहिलं. “लांबनजर लिहितोय, ‘डोळस पळाला.’”

“लिहू दे,” वायसन म्हणाला आणि खणत राहिला. तो रडत होता की घामच होता, हे मातीमुळे कळत नव्हतं.

थोडा वेळ लामेकनं ते बघितलं. मग त्यानं खाली हात घालून वायसनचं बखोट धरलं. “ये वर. आईची कबर लेकानं खणायची नसते. नातवंडं मेली का सगळी? आणि असली वाकडीतिकडी खणलीस तर आजी रात्रंदिवस कूस बदलत राहील.” त्यानं आणि दुसऱ्या एकानं मिळून त्याला वर ओढला. मग चौघं पुन्हा आत उतरले, आणि सूर्य राईच्या टोकाशी यायच्या आत कबर सरळ, खोल, चारही कोपरे नीट अशी तयार झाली.

दैनेस आजीला सगळ्या गावानं माती दिली. पाद्रीबाबांनी छपराचा उल्लेख न करता प्रार्थना केली. परतताना वायसन प्रमुखबाईंपाशी गेला. “तुम्ही सगळे आलात,” तो म्हणाला. “माझ्यासारख्यासाठी.”

“तुझ्यासाठी कोण आलंय?” नामलोम्बाबाई म्हणाल्या. “आम्ही तिच्यासाठी आलो. ती आमच्याकडे चालत यायची.” दोन पावलं पुढं जाऊन त्या थांबल्या. “तू मेलास की आम्ही लिहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या मयताच्या चुलींची राख लोटून एनेलेसी पडवीच्या पायरीवर बसली. वायसन खुर्चीत होता. बऱ्याच वेळानं त्यानं फोन हातात घेतला, डोळसचं खातं पुसायला. पुसण्याआधी रस्त्याची प्रतिक्रिया एकदा उघडून पाहिली. खाली दाखवणारे अंगठे मोजण्यापलीकडे गेले होते. वर दाखवणारा एकही नव्हता.

“तोही गेला,” तो म्हणाला.

“कोण?”

“होता एक वाचक. जाणता माणूस असावा. मी काहीही लिहिलं तरी त्याचा अंगठा यायचा. रोज. त्यालाही कळलं असणार मी कोण ते.”

एनेलेसीनं झाडू खाली ठेवला. “त्या आईच होत्या.”

“काय?”

“तुम्ही पडवीत लिहीत बसलात की आई मला हाक मारायच्या. ‘वायसनचं लिहून झालं का गं? मग दाब बाई, वरचा दाब.’ मी माझ्या फोनवरून दाबायची.”

वायसननं फोन मांडीवर ठेवला. “तिला तर अक्षर येत नव्हतं.”

“नव्हतं येत.”

“मग तू वाचून दाखवायचीस?”

“एकदाच दाखवलं. पाद्रीबाबांच्या छपराचं.” एनेलेसीनं कमरेच्या कापडाच्या टोकानं पायरीवरची राख पुसली. “ऐकून बराच वेळ छताकडे बघत पडल्या. मग म्हणाल्या, ‘पुढच्या खेपेला वाचू नकोस. नुसतं दाब.’”

रस्त्यावरून कुणी तरी सायकलवर मक्याचं पोतं घेऊन गेलं. त्यानं पडवीकडे पाहिलं आणि हात केला नाही.

“आणि कालचं?” वायसननं विचारलं. “रस्त्याचं?”

“कालही मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले होते,” एनेलेसी म्हणाली. “तुमचं वाक्य संपेना. आणि संपलं तेव्हा, ‘दाब’ म्हणायला कोण होतं?”